आधी छप्पर, मग उंबरा

चर्च म्हटलं की आपल्याला मनोरा आठवतो. वसईच्या बाजूला जा, ओल्ड गोव्याला जा, माडांच्या वर आधी क्रूस दिसतो, मग घंटा, मग दार. देवळाचंही तसंच. गाव यायच्या आधी कळस दिसतो आणि एस.टी.तली म्हातारी माणसं बसल्या जागेवरून हात जोडतात. इथिओपियात लालिबेला नावाचं गाव आहे. तिथलं बेटे गियोर्गिस हे चर्च मात्र शंभर पावलांवर उभं राहिलं तरी दिसत नाही. दिसतो तो तांबूस कातळाचा उतार, थोडी झाडं आणि पांढऱ्या चादरी पांघरून बसलेली माणसं. आणखी थोडं पुढे गेलं की पायापाशी जमीन एकदम संपते. खाली चौकोनी, खोल खड्डा, आणि खड्ड्याच्या मधोमध अख्खी इमारत. तिचं छप्पर आपल्या पायांच्या पातळीवर असतं. वरून पाहिल्यावर ती अधिकच्या चिन्हासारखी दिसते, चारही हात सारखे. छपरावर एकात एक असे तीन क्रूस कोरलेले आहेत.

कठडा नसलेल्या त्या काठावर माणसं बराच वेळ गप्प उभी राहतात. चर्चचा तळ आपल्या पायांच्या सुमारे १२ मीटर खाली, म्हणजे चार मजली इमारतीइतका खोल. भिंतीत कुठेही सांधा नाही, चुना नाही, एकावर एक रचलेला दगड नाही. खिडक्या, दारं, पन्हाळी, जोत्याच्या पायऱ्या, आतले खांब, कमानी, सगळं एकाच कातळातून कोरून काढलेलं. खाली ते डोंगराला चिकटलेलंच आहे.

मराठी वाचक इथे म्हणणार, 'अहो, हे तर आमचं कैलास लेणं!' बरोबर आहे. बाहेरच्या जगाला लालिबेला समजावून सांगायला पानं खर्ची घालावी लागतात. आपलं काम वेरूळच्या एका सहलीने झालेलं असतं.

लालिबेला इथिओपियाच्या उत्तरेला, अम्हारा प्रदेशातल्या लास्ता डोंगरांत आहे. उंची सुमारे अडीच हजार मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरवर संपतं, हे गाव त्याच्याही वर वसलेलं आहे. म्हणून पहिल्या दिवशी पायऱ्या चढताना धाप लागते, त्याचं फार मनाला लावून घेऊ नये. गावाचं जुनं नाव रोहा. (कोकणातल्या रोह्याशी याचा काही संबंध नाही, पण पाटी वाचताना बरं वाटतं.) बाराव्या शतकाच्या शेवटी आणि तेराव्याच्या सुरुवातीला इथे झाग्वे घराण्यातला राजा लालिबेला राज्य करत होता. पुढे गावालाच त्याचं नाव पडलं. जन्मल्या जन्मल्या त्याच्याभोवती मधमाश्यांचा थवा घोंगावू लागला आणि आईने ओळखलं की पोर राजा होणार, अशी कथा इथलं प्रत्येक पोर सांगतं. या राजाच्या नावावर परंपरा अकरा चर्च मांडते. पाच-सहा एका गटात, तितकीच दुसऱ्या गटात, मधून वाहणारा योर्दानोस नावाचा ओढा, आणि या सगळ्यांपासून बाजूला, एकटं, बेटे गियोर्गिस. बेटे म्हणजे घर. गियोर्गिस म्हणजे संत जॉर्ज. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून पहिली १२ ठिकाणं निवडली, त्यांत लालिबेला होतं. वेरूळ त्या यादीत आलं १९८३ मध्ये.

आता हे केलं कसं, ते पाहू. मला या ठिकाणाचा खरा जीव तिथेच आहे असं वाटतं.

घर बांधणारा गवंडी खालून वर जातो. पाया चुकला तर उकरून पुन्हा भरता येतो, भिंत वाकडी गेली तर पाडता येते. लालिबेलाच्या पाथरवटाला ही सोय नव्हती. त्याने आधी डोंगराच्या पाठीवर आकृती आखली. मग आकृतीभोवती चर खणायला घेतला आणि मधला ठोकळा तसाच ठेवला. चर खोल होत गेला तसा ठोकळा मोकळा होत गेला. छप्पर सगळ्यात आधी पुरं झालं. पाऊस पडल्यावर पाणी कुठून वाहायचं हे त्या दिवशीच ठरवावं लागलं, कारण पन्हाळीसाठी पुढे आलेला दगड आधी राखून ठेवला नाही तर नंतर तो आणायचा कुठून? मग वरच्या खिडक्या, मग खालच्या, मग दारं, मग जोतं. उंबरा सगळ्यात शेवटी. आतलं कामही तसंच, उजेडाकडून अंधाराकडे. खिडकी किंवा दार पाडायचं, आत घुसायचं, आधी आढं आणि कमानी कोरायच्या, मग खांब सोडत सोडत खाली यायचं. खांब उभा करायचा नसतो, खांबाच्या भोवतालचा दगड काढायचा असतो. एक खांब चुकून जास्त कापला गेला की संपलं, तो परत जोडता येत नाही. ओळंबा, छिन्नी, हातोडा, टिकाव आणि डोक्यात पूर्ण इमारत, एवढ्यावर हे झालेलं आहे. आतल्या भिंतींवर हात फिरवला तर टाकीचे आखूड, तिरके घाव बोटांना लागतात.

कैलासाशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वेरूळचा डोंगर उतरता आहे. तिथे तीन बाजूंनी चर मारले, समोरची बाजू मोकळी होती, त्यामुळे फोडलेला दगड आणि पावसाचं पाणी पुढून बाहेर काढता आलं. तो व्याप मोठा: अंगण सुमारे ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद, आणि मागची कातळभिंत ३३ मीटरपर्यंत उंच. बेटे गियोर्गिस आकाराने कैलासापुढे लहान आहे. पण ते चारही बाजूंनी जमिनीत आहे. राडारोडा वर उचलून तरी न्यायचा, नाहीतर त्याच्यासाठी वाट खोदायची. पाण्याचं तर फारच अवघड. पावसाळ्यात त्या खड्ड्याचं तळं व्हायला हवं होतं. होत नाही, कारण चर्चच्या आधी आणि चर्चच्या बरोबरीने इथे पाण्याच्या चरांचं जाळं खोदलेलं आहे. आपण ज्या अरुंद खिंडीतून आणि बोगद्यांतून चर्चपाशी उतरतो त्या वाटा या जाळ्याशी गुंतलेल्या आहेत. प्रवासी मान उंचावून कोरीवकाम पाहतात. माझं सांगणं आहे की पायाखालचा उतारही पाहा.

दगडाचीही गंमत आहे. सह्याद्री आणि वेरूळचा डोंगर दख्खनच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथिओपियाचं उत्तर पठारही लाव्ह्याचंच, पण वयाने लहान, सुमारे तीन कोटी वर्षांचं. भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले आणि पठारं तयार झाली. दोन्हीकडे माणसाला सलग, जाड थरांचा कातळ मिळाला. म्हणूनच वरून खाली कोरण्याचं धाडस दोन्हीकडे सुचलं असावं. लालिबेलाचा खडक सच्छिद्र आणि तांबूस आहे, रंगाने जांभ्याची आठवण करून देणारा. आपल्या काळ्या पाषाणापेक्षा तो मऊ, म्हणून कोरायला सोपा. पण पाणी पितो, म्हणून टिकवायला अवघड. त्याची हकिगत पुढे येईलच.

इतकं साम्य पाहून काही जणांनी मोठा निष्कर्ष काढला: हिंदुस्थानातल्या कारागिरांनीच जाऊन ही चर्च कोरली. असं म्हणायला आपल्याला आवडेल, पण पुरावा नाही. कैलास आठव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातला. लालिबेलाची चर्च त्यानंतर चारशे वर्षांनी पुरी झालेली. मधल्या काळात इथिओपियातच कातळात चर्च कोरण्याची परंपरा होती. तिग्राय भागात अशी कितीतरी चर्च आहेत. शिवाय लालिबेलाच्या भिंती स्वतःच सांगतात की त्या कुणाच्या नातेवाईक आहेत. बेटे अमानुएलच्या बाहेरच्या भिंतीवर आडवे पट्टे आहेत, एक आत गेलेला, एक बाहेर आलेला. लाकडाच्या तुळया आणि दगड यांचे थर आलटून पालटून रचायची इथिओपियातल्या जुन्या अक्सुम राज्याची पद्धत होती, तिची ही नक्कल. खिडक्यांच्या कोपऱ्यांत तुळईची टोकं बाहेर डोकावावीत तशी दगडी टोकं कोरली आहेत. लाकूड कुठेच नाही, फक्त त्याची आठवण आहे. अजिंठ्याच्या १९व्या लेण्यात वर पाहा, छताला दगडी वासे कोरलेले दिसतील. ते छत पेलत नाहीत. आधीच्या लाकडी चैत्यगृहांना वासे होते म्हणून ते आहेत. दोन दूरच्या देशांतल्या पाथरवटांना सुतारांचा विसर पडला नाही, हे मला कुठल्याही थेट नात्यापेक्षा मोलाचं वाटतं.

खरं नातं दुसरीकडे आहे. मध्ययुगात आपण इथिओपियाच्या माणसाला हबशी म्हणत होतो. मलिक अंबर हा त्यांतलाच. १५४८च्या सुमारास तिथे जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि दख्खनमध्ये निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याच्या नहरीने जमिनीखालून शहराला पाणी आणलं. त्याची कबर खुलताबादला आहे, कैलास लेण्यापासून चार-पाच किलोमीटरवर. मलिक अंबर लालिबेलाचा नव्हे, त्याच्यामुळे चर्चचा काही उलगडा होत नाही. तरी वेरूळच्या वाटेवर इथिओपियाचा एक माणूस झोपला आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं.

गोव्याचा धागा तर थेट आहे. १५२० मध्ये गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज आरमाराबरोबर एक वकिलात इथिओपियाला पोचली. तिच्यात फ्रान्सिस्को आल्व्हारिश नावाचा पाद्री होता. सहा वर्षं तो त्या देशात राहिला, लालिबेलाला गेला, चर्चची मापं आणि वर्णनं लिहून ठेवली. त्याचं पुस्तक १५४० मध्ये लिस्बनला छापलं गेलं. त्यात त्याने वाचकांना शपथेवर सांगितलं आहे की लिहिलेलं खरं आहे, आणि आणखी लिहिलं तर लोक विश्वास ठेवणार नाहीत म्हणून थांबतो. युरोपातल्या वाचकांना लालिबेलाची सविस्तर माहिती पहिल्यांदा मिळाली ती इथून.

विश्वास ठेवायला अवघड गोष्टीसाठी लोक कथा रचतात, आणि कथांतून त्या लोकांचा स्वभाव कळतो. लालिबेलात सांगतात की दिवसा माणसं कोरत आणि रात्री देवदूत येऊन दुप्पट काम करून जात. बेटे अब्बा लिबानोस हे चर्च तर राणी मेस्केल किब्राने देवदूतांच्या मदतीने एका रात्रीत केलं म्हणतात. ते चर्च चारही बाजूंनी सुटं आहे, पण त्याचं छप्पर अजून डोंगराला चिकटलेलं आहे, जणू रात्र संपली आणि काम तिथेच राहिलं. बेटे गियोर्गिसची कथा अशी, की सगळी चर्च झाल्यावर संत जॉर्ज घोड्यावर बसून राजाकडे तक्रार घेऊन आला: माझं घर कुठे? राजाने कबूल केलं आणि सगळ्यात देखणं चर्च त्याला दिलं. खिंडीच्या भिंतीवरचे खळगे दाखवून वाटाड्या म्हणतो, हे त्या घोड्याच्या टापांचे ठसे. आपल्याकडे कैलासाची कथा कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त आहे. तिथली राणी शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही असा नवस करते, आणि पैठणचा कोकस नावाचा कारागीर म्हणतो, आठवड्यात दाखवतो. खालून बांधलं असतं तर वर्षं लागली असती. तो वरून सुरू करतो आणि शिखर आधी दाखवतो. त्यांच्याकडे देवदूत, आपल्याकडे हुशार पाथरवट. मला कोकस जवळचा वाटतो, कारण त्या कथेत कोरण्याची रीतच नीट सांगितली आहे.

अभ्यासकही कथेला सरसकट मान देत नाहीत. इतकं काम एका राजाच्या कारकिर्दीत झालं असेल का, हा प्रश्न जुना आहे. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड फिलिप्सन यांचं म्हणणं असं, की बेटे मेर्कोरियोस आणि बेटे गब्रिएल-रुफाएल या जागा काही शतकं आधीच्या असाव्यात आणि त्या मुळात चर्च म्हणून कोरलेल्या नसाव्यात. खोल खंदक, दुर्गम दारं पाहिली की ते पटतं. राजाने आधीचं काही वापरलं, काही वाढवलं आणि काही नवं केलं, असं धरून चाललं तर राजाचं काही उणं होत नाही.

त्याच्या मनात काय होतं, हे नावांवरून उमगतं. ओढा योर्दानोस, म्हणजे जॉर्डन. एक चर्च बेटे गोल्गोथा. एक बेटे लेहेम. गोल्गोथाजवळच आदमची कबर. ११८७ मध्ये सलाउद्दीनने जेरुसलेम घेतलं, त्याच पिढीतला हा राजा. आपल्या डोंगरात जेरुसलेम उभं करायची त्याची इच्छा होती, असं बहुतेकांचं मत आहे. ज्यांना दूरची यात्रा घडत नाही त्यांच्यासाठी जवळ प्रतिक्षेत्र करायचं, ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्याकडे प्रतिपंढरपूर म्हणवणारी गावं कमी आहेत का?

आता तिथे कसं जायचं ते सांगतो. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे, तिथून लालिबेला तासाभराचं. एक तिकीट सगळ्या चर्चना चालतं. दोन दिवस हाताशी ठेवा, एका दिवसात अकरा चर्च उरकली की सगळी एकमेकांत मिसळून जातात. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, त्यानंतरचे महिने चांगले. घड्याळाचा घोळ होतो. तिथे दिवस सकाळी सहापासून मोजतात, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. कुणी वेळ दिली की कोणत्या घड्याळाची ते विचारून घ्या.

दारात चपला काढायच्या. परदेशी प्रवाशांना याचं नवल वाटतं, आपल्याला वाटत नाही. पण मोजे घालून जा. आत जुने गालिचे अंथरलेले असतात आणि त्यांत पिसवा असतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. स्त्रियांनी डोक्यावर ओढणी घेतली तर चांगलं. आत शिरल्यावर डोळे सरावायला पुरती दोन मिनिटं द्या. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आधी फक्त अंधार दिसतो, धुपाचा वास येतो, मग खिडकीतून आलेली उजेडाची एक पट्टी, मग खांब. बेटे मेधाने आलेम, म्हणजे जगाच्या तारणहाराचं घर, या सगळ्यांत मोठं. सुमारे ३३ मीटर लांब, २३ मीटर रुंद. आत सात-सात खांबांच्या चार रांगा, एकूण २८ खांब, आणि त्यांतला एकही बाहेरून आणलेला नाही.

इथिओपियाच्या चर्चचे आत तीन भाग असतात. बाहेरचा भाग गाणाऱ्यांचा, मधला प्रसाद घेणाऱ्या भक्तांचा आणि आतला मकदस. सभामंडप, अंतराळ, गाभारा असं मनात म्हटलं की मांडणी चटकन कळते. मकदसवर पडदा असतो, त्याच्या आत फक्त पुजारी जातात. तिथे ताबोत ठेवलेला असतो, मोशेला मिळालेल्या आज्ञांच्या पाट्यांचं प्रतीक. ताबोत नसेल तर ती इमारत चर्च होत नाही. जानेवारीत तिम्कातच्या सणाला तो भरजरी वस्त्रात गुंडाळून, डोक्यावर घेऊन मिरवणुकीने पाण्याकाठी नेतात. वस्त्राच्या आत काय आहे हे कुणी पाहत नाही आणि पाहायला मागतही नाही. पालखीपुढे वाकणाऱ्या आपल्या माणसाला तो क्षण समजावून सांगावा लागणार नाही.

आत बाकं नाहीत. उपासना तासन्‌तास चालते आणि उभ्याने चालते, म्हणून टेकायला उंच काठ्या असतात. मोठा ढोल कबेरो, हातातली किणकिणणारी त्सेनात्सिल आणि गेएझ भाषेतलं गायन. गेएझ आता बोलीत नाही, पूजेत आहे, आपल्याकडे संस्कृत आहे तशी. ७ जानेवारीला गेन्ना, म्हणजे त्यांचा नाताळ. त्या सकाळी बेटे मरियमच्या अंगणात पुजाऱ्यांची एक रांग खाली उभी राहते, दुसरी वर कातळाच्या काठावर, आणि दोन्ही रांगा आळीपाळीने गातात. वरचे देवदूत, खालची माणसं. खड्ड्यात इमारत असण्याचा अर्थ त्या दिवशी कानांनी कळतो. पण हजारो यात्रेकरू चालत, काही जण कित्येक दिवस चालत, आलेले असतात. नुसतं कोरीवकाम पाहायचं असेल तर तो दिवस टाळा आणि त्यांना त्यांची जागा मोकळी द्या.

बेटे मरियममध्ये एक खांब कापडात गुंडाळलेला आहे. जगाचा भूतकाळ आणि भविष्य त्यावर लिहिलंय, अशी श्रद्धा आहे, आणि तो उघडत नाहीत. बेटे गोल्गोथामध्ये राजा लालिबेलाची समाधी आहे असं मानतात. तिथे भिंतीत माणसाएवढे संत कोरलेले आहेत, इथे एरवी क्वचित दिसणारं काम. त्या चर्चमध्ये स्त्रियांना प्रवेश नाही. बायको, बहीण, लेक बरोबर असेल तर तिला दाराशी गेल्यावर नव्हे, घरून निघतानाच हे सांगा. मला स्वतःला ही बंदी पटत नाही. पुरुष प्रवाशाने आत जाऊन आल्यावर निदान पाहिलेलं तिला नीट सांगावं.

बेटे गब्रिएल-रुफाएलकडून बेटे मेर्कोरियोसकडे जाताना एक बोगदा लागतो, पूर्ण काळोखाचा. त्याला नरक म्हणतात. वाटाड्या सांगतो, बॅटरी लावू नका. एक हात भिंतीवर, दुसरा डोक्यावरच्या छतावर, पाऊल घासत पुढे. छत मध्येच खाली येतं, ते हातालाच आधी कळतं. तीस-चाळीस पावलं असतील, फार वाटतात. पुढच्याचा श्वास ऐकू येतो, मागच्याचा हात खांद्यावर पडतो. मग वळणावर राखाडी उजेड दिसतो आणि आपण बाहेर येतो. गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती वाटत असेल तर वरून दुसरी वाट आहे, ती घ्या.

जेवणाची काळजी करू नका. इथली मंडळी वर्षातले दोनशेच्या आसपास दिवस उपास धरतात, त्यात मांस, अंडी, दूध चालत नाही. बुधवार आणि शुक्रवार तर ठरलेलेच. त्या दिवशी शाकाहारी माणसाची चैन असते. इंजेरा ही तेफ नावाच्या बारीक धान्याची आंबवलेली, मऊ, जाळीदार पोळी, आपल्या आंबोळीची थोरली बहीण. तिच्यावर डाळी, भाज्या आणि शिरो. नावावरून गोड वाटतं, पण शिरो म्हणजे हरभऱ्याच्या किंवा बाकल्याच्या पिठाचं तिखट कालवण. पहिल्या घासाला तोंडातून शब्द निघतो, 'पिठलं!'

आता त्या पाण्याबद्दल. आठशे वर्षं पाऊस त्या सच्छिद्र दगडात मुरतो आहे. दगड भेगाळतो, पापुद्रे सुटतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर दुरुस्ती म्हणून छपरांवर डांबर फासलं गेलं. त्याने ओल आत अडकली आणि दगडाचं अधिकच नुकसान झालं. साठच्या दशकात इटालियन वास्तुतज्ज्ञ सांद्रो आंजेलिनी यांच्या देखरेखीखाली ते खरवडून काढावं लागलं. २००८ मध्ये युरोपीय संघाच्या पैशातून पाच चर्चवर पोलादी खांबांची मोठाली छत्रं उभारली. ती तात्पुरती म्हणून आली आणि तिथेच राहिली. पाऊस अडला, पण गावकऱ्यांना धास्ती वाटू लागली की वाऱ्याने ती कोसळली तर, त्यांच्या वजनाने खालचा कातळ खचला तर. २०१८ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. पुढे फ्रान्सच्या सहकार्याने जतनाचं काम सुरू झालं. प्रवासी या छत्रांवर नाक मुरडतात, फोटो बिघडतो म्हणून. फोटोसाठी छत्र नसलेलं बेटे गियोर्गिस आहेच. छत्रांचा प्रश्न गावकऱ्यांचा आहे, कारण खाली त्यांचा देव आहे. त्यांचं म्हणणं आधी ऐकलं जावं.

त्यात भर इथिओपियाचं सरकार आणि तिग्राय यांच्यातल्या युद्धाची. ऑगस्ट २०२१ मध्ये तिग्रायच्या फौजांनी लालिबेला घेतलं, डिसेंबरपर्यंत ते सरकारकडे परत गेलं. पुढे अम्हारात वेगळा संघर्ष पेटला. प्रवासी थांबले की वाटाडे, खाणावळवाले, दारात चपला सांभाळणारी माणसं यांची चूल थंड होते. म्हणून जायचं ठरवताना आधी तिथली परिस्थिती आणि आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना पाहा. परिस्थिती बरी असेल तर स्थानिक वाटाड्या घ्या, त्याला योग्य पैसे द्या, घाई करू नका.

आणि जाण्याआधी एकदा वेरूळला जाऊन या. या वेळी पुढच्या दारातून थेट आत शिरू नका. कैलासाच्या शेजारून डोंगरावर पायवाट जाते, तिने आधी वर चढा, काठापाशी जपून उभे राहा आणि शिखराकडे वरून पाहा. कोरणाऱ्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं ते तिथूनच.